ओढा, बोकड आणि भूक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वसंत ऋतू जवळ आला, की जर्मन वस्तीच्या शहरांत बिअरच्या जाहिरातींवर एक प्राणी हमखास दिसू लागायचा. लांब दाढीचा, वळणदार शिंगांचा बोकड. कधी तो मागच्या पायांवर उभा, कधी लाकडी पिंपावर चढलेला, तर कधी फेसाळता पेला शिंगावर घेतलेला. चित्राखाली ठळक अक्षरांत एकच शब्द असे, ‘बॉक’. जर्मनीतून आलेल्यांना तो समजावून सांगावा लागत नसे, कारण जर्मन भाषेत ‘बॉक’ म्हणजे बोकड. इंग्रजी बोलणाऱ्यांनी मात्र बिअरबरोबर शब्दही उचलला. आज कोणत्याही मोठ्या इंग्रजी शब्दकोशात तो सापडतो. हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंतात प्यायची, बहुधा गडद रंगाची, कडक जर्मन बिअर, असा त्याचा अर्थ दिलेला असतो.

बोकडाचा या बिअरशी काय संबंध? तिच्या कृतीत बोकड कुठेच येत नाही. तो आला ऐकण्यातल्या चुकीतून. एका गावाचे नाव दुसऱ्या प्रांतातल्या लोकांनी आपल्या कानांनी ऐकले, आपल्या जिभेने म्हटले आणि त्या नावाचा बोकड झाला. शब्दांच्या इतिहासातल्या मला आवडणाऱ्या गोष्टींत ही फार वरची आहे, कारण एक शब्द परक्या भाषेत जाऊन तिथला कसा होतो, ते तिच्यात उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

ते गाव म्हणजे आइनबेक. उत्तर जर्मनीत, हानोफरच्या दक्षिणेला, हार्त्स पर्वताच्या पश्चिमेला हे छोटे शहर आहे. नावातला ‘बेक’ म्हणजे ओढा. जर्मनीच्या उत्तरेकडच्या बोलीत ओढ्याला ‘बेके’ म्हणत. प्रमाण जर्मनमधला ‘बाख’ हा त्याचाच भाऊ. मध्ययुगात आइनबेक हान्सा या व्यापारी शहरांच्या संघात होते आणि त्याची ख्याती बिअरमुळे होती. तिथल्या बिअरच्या विक्रीची सर्वांत जुनी उपलब्ध पावती १३७८ सालची आहे.

तिथली बिअर बनवण्याची रीत मोठी पाहण्यासारखी होती. हक्क शेकडो घरांना, पण उकळायचे भांडे मात्र गावकीचे. ते अजस्र भांडे आणि शहराने नेमलेला तज्ज्ञ असे दोघे पाळीपाळीने घरोघर फिरत. ज्याची पाळी असेल त्याने मोड आणून वाळवलेले धान्य आणि हॉप्सची फुले तयार ठेवायची. भांडे आत जावे म्हणून घरांना उंच कमानींचे दरवाजे ठेवलेले असत, आणि धान्य वाळावे म्हणून वरच्या माळ्यांना हवेसाठी झरोके. लाकडी चौकटींची ती घरे आणि त्या कमानी आइनबेकमध्ये आजही उभ्या आहेत. प्रत्येक घराने आपल्या मर्जीप्रमाणे बिअर उकळली असती तर गावाचे नाव टिकले नसते. तज्ज्ञ शहराचा असल्यामुळे चव राखली गेली. शिवाय ही बिअर कडक होती आणि तिच्यात हॉप्स भरपूर असत. मद्यार्क आणि हॉप्सचा कडवटपणा या दोहोंमुळे बिअर लवकर बिघडत नाही. म्हणून ती बैलगाड्यांतून, घोडागाड्यांतून आणि जहाजांतून लांबलांब जाऊ शकली. १५२१ साली वर्म्सच्या सभेत मार्टिन ल्यूथर सम्राटापुढे उभा राहिला, तेव्हा ब्राउनश्वाइगच्या ड्यूक एरिकने त्याला आइनबेकच्या बिअरचा पेला पाठवला, अशी आख्यायिका आहे.

याच गावाशी शब्दाच्या घोटाळ्याची आणखी एक कथा जोडलेली आहे. टिल ऑइलेनश्पीगेल हा जर्मन लोककथांतला खट्याळ नायक. सांगितलेल्या शब्दाचा शब्दशः अर्थ घेऊन मालकाची फजिती करणे हा त्याचा खाक्या. तो आइनबेकमध्ये एका बिअरवाल्याकडे कामाला राहतो. मालक बाहेर जाताना बजावतो, हॉप्स नीट उकळ. हॉप्सला जर्मनमध्ये ‘हॉप्फेन’ म्हणतात आणि मालकाच्या कुत्र्याचे नाव असते ‘हॉप्फ’. पुढे काय झाले असेल ते वाचकाला सांगायला नको. सोळाव्या शतकाच्या आरंभी छापल्या गेलेल्या त्या कथासंग्रहात ही गोष्ट आहे. पुढे ज्या गावाच्या नावाचा कानांनी असा घोटाळा केला, तेच गाव शब्दाच्या घोटाळ्याच्या कथेत यावे, हा योगायोग मला विलक्षण वाटतो.

आता दक्षिणेकडे, बायर्नमध्ये. आइनबेकपासून म्युनिक सरळ रेषेत चारशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. सोळाव्या शतकात म्युनिकच्या राजदरबारात चांगली बिअर हवी असे तेव्हा ती उत्तरेतून मागवत. त्यावर पैसा फार जाई. हा खर्च वाचावा म्हणून ड्यूक विल्हेल्म पाचवा याने १५८९ साली दरबाराची स्वतःची बिअरशाळा काढली. तीच आजची जगप्रसिद्ध होफब्रॉइहाउस. तरीही दरबाऱ्यांची जीभ आइनबेकलाच चिकटून होती. तेव्हा त्याचा मुलगा माक्सिमिलियान याने १६१२ साली थेट आइनबेकहून एलियास पिखलर नावाचा तज्ज्ञ बोलावून घेतला. दोन वर्षांनी म्युनिकमध्येच त्या धर्तीची कडक बिअर तयार होऊ लागली.

बिअर म्युनिकची झाली आणि नावही म्युनिकचे होऊ लागले. उत्तर आणि दक्षिण जर्मनीच्या बोलींत मोठे अंतर आहे. बायर्नच्या उच्चारात ‘आइनबेक’चे ‘आइनपॉक’ झाले. जुन्या नोंदींत ‘आइनपॉकिश बिअर’ असा उल्लेख येतो. पुढे बोलीत त्याचे ‘ओआनपॉक’ झाले. आता गंमत अशी, की जर्मनमध्ये ‘आइन’ म्हणजे ‘एक’. नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या कानाला हे नाव ‘एक बॉक’ असे ऐकू येऊ लागले. एक बॉक द्या, दोन बॉक द्या! अशा रीतीने गावाच्या नावाचा पहिला तुकडा संख्या म्हणून बाजूला पडला आणि उरलेला ‘बॉक’ एक स्वतंत्र शब्द बनला. त्या शब्दाला अर्थ शोधायची गरजच नव्हती. ‘बॉक’ म्हणजे बोकड हे लहान मुलालाही ठाऊक होते. ओढ्याचा बोकड झाला तो असा.

असे नाव नको तिथे तोडणे हा कुणा एका प्रांताचा दोष नाही. भाषा हे सारखे करत असतात. क्रिकेटच्या मैदानावर उभा असलेला ‘अंपायर’ मूळचा ‘नंपायर’सारखा होता. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नॉनपेर’ म्हणजे बरोबरीचा नसलेला, म्हणजे दोन बाजूंपैकी कुठल्याच बाजूचा नसलेला तिसरा माणूस. तो इंग्रजीत आला आणि ‘अ नंपायर’चे ‘अॅन अंपायर’ झाले. शब्दाचा ‘न’ आधीच्या उपपदाने ओढून घेतला. आपले नारिंग पश्चिमेकडे निघाले तेव्हा फारसीत, अरबीत आणि स्पॅनिशमध्ये ‘न’ शाबूत होता. फ्रेंचपर्यंत पोचताना तो गळाला आणि इंग्रजीला ‘ऑरेंज’ मिळाले. हॅम्बुर्ग शहराच्या नावावरून आलेल्या ‘हॅम्बर्गर’चे लोकांनी ‘हॅम’ आणि ‘बर्गर’ असे दोन तुकडे केले. ‘हॅम’ म्हणजे डुकराचे मांस, आणि त्या पदार्थात ते नसतेच. पण ‘बर्गर’ सुटा झाला आणि मग चीजबर्गर, व्हेजबर्गर अशी त्याची प्रजा वाढली. आइनबेकचा बॉक आणि हॅम्बुर्गचा बर्गर यांच्या जन्माची रीत एकच आहे. दोन्ही जर्मन शहरे, दोन्ही नावे मधेच तुटलेली, आणि दोन्हींचा उरलेला तुकडा इंग्रजीत मानाने नांदणारा.

याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. अनोळखी आवाज कानावर पडला की माणूस त्यात ओळखीचा शब्द शोधतो. मराठी वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. नाव मुंबादेवीवरून आले. पोर्तुगीजांनी ते ‘बोंबाइम’ असे लिहिले. मग कुणीतरी त्यात पोर्तुगीज शब्द शोधले आणि ‘बॉम बाहिया’, म्हणजे चांगला उपसागर, अशी व्युत्पत्ती पसरली. ती अजूनही पुस्तकांतून भेटते. खरे तर पोर्तुगीजमध्ये ‘बाहिया’ स्त्रीलिंगी आहे. चांगला उपसागर म्हणायचा असता तर ‘बोआ बाहिया’ म्हटले गेले असते. एवढ्या एका लिंगाच्या पुराव्यावर ती सगळी कथा कोसळते. मोहरममधली ‘या हसन, या हुसेन’ ही आर्त हाक इंग्रज शिपायांच्या कानांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ अशी ऐकली. हॉब्सन आणि जॉब्सन ही दोन साधी इंग्रजी आडनावे आहेत. भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा यूल आणि बर्नेल यांनी केलेला प्रसिद्ध कोश १८८६ साली निघाला, तेव्हा त्यांनी हेच नाव कोशाला दिले. कारण परका शब्द स्वभाषेत येताना काय होते, ते त्या एका नावात सामावले होते.

एकदा बोकड आला म्हटल्यावर तो का आला याच्या कथाही आल्या. एका कथेप्रमाणे ही बिअर मकर राशीत सूर्य असताना बनवतात. मकर राशीचे युरोपीय चिन्ह अर्धा बोकड, अर्धा मासा असे आहे. दुसरीत उत्तरेचा सरदार आणि बायर्नचा ड्यूक यांच्यात पिण्याची पैज लागते. झिंगून पडलेला सरदार आपल्याला बोकडाने ढुशी दिली असे सांगतो. अमेरिकेत तर एक वेगळीच समजूत कित्येक पिढ्या टिकली, की वर्षातून एकदा पिंपे साफ करताना तळाशी उरलेला गाळ म्हणजे बॉक. हे धादांत खोटे आहे आणि ते खोडून काढलेच पाहिजे. बॉकचा गडद रंग गाळाचा नसतो. मोड आणलेले जव जास्त तापमानाला भाजले की रंग आणि पावाच्या कडेसारखी चव येते. उलट बॉकला कच्चा माल अधिकच लागतो. किण्वन सुरू होण्याआधी धान्याच्या गोड रसात किती पदार्थ विरघळलेला आहे, यावर जर्मन कायदा बिअरची प्रतवारी ठरवतो. नेहमीच्या बिअरमध्ये हे प्रमाण साधारण ११ ते १४ टक्के असते. बॉकसाठी ते किमान १६ टक्के हवे आणि दुप्पट बॉक म्हणजे ‘डॉपेलबॉक’साठी किमान १८. म्हणूनच तिच्यात मद्यार्क सात टक्क्यांच्या आसपास जातो. तळाच्या गाळातून हे निघणार नाही.

डॉपेलबॉकचे मूळ म्युनिकच्या पाउलानर मठात आहे. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात घन अन्न वर्ज्य, पण द्रव चालतो. तेव्हा मठवासी घट्ट, पौष्टिक, गोडसर बिअर बनवत. तिचे नाव ‘साल्वाटोर’, म्हणजे लॅटिनमध्ये त्राता. मूळ नाव ‘संत पित्याची बिअर’ अशा अर्थाचे होते आणि बोलता बोलता त्याचे साल्वाटोर झाले, असे सांगतात. तसे असेल तर तिथेही कानाचीच करामत. लोकप्रियता वाढली तेव्हा इतर बिअरशाळाही आपल्या कडक बिअरला साल्वाटोरच म्हणू लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाउलानरला या नावावर कायदेशीर हक्क मिळाला आणि बाकीच्यांना नवी नावे शोधावी लागली. त्यांनी शेपूट तेवढे ठेवले. सेलेब्राटोर, ऑप्टिमाटोर, माक्सिमाटोर, ट्रायम्फाटोर, कुल्मिनाटोर, आनिमाटोर. ‘आटोर’ या तुकड्याला बिअरच्या जगात आपोआप अर्थ आला, दुप्पट बॉक. यांतल्या सेलेब्राटोरच्या बाटलीच्या गळ्यात आजही एक चिमुकला बोकड टांगलेला असतो.

नाव देशोदेशी फिरले तेव्हा या चुकीचे पुढे आणखी काही झाले. फ्रान्समध्ये ‘बॉक’चा अर्थ बिअरकडून पेल्याकडे सरकला आणि बिअरच्या लहान पेल्याला ‘बॉक’ म्हणू लागले. एदुआर मानेचे १८७३ सालचे ‘ल बॉ बॉक’ हे चित्र याच शब्दामुळे तसे ओळखले जाते. पाइप ओढत, हाताशी पेला घेऊन निवांत बसलेला एक गुबगुबीत गृहस्थ. ते आज फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. चेक आणि पोलिश भाषिकांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. त्यांनी बोकडाचे भाषांतरच केले. चेकमध्ये अशा बिअरला ‘कोझेल’, पोलिशमध्ये ‘कोझ्लाक’. दोन्ही शब्दांच्या मुळाशी त्यांच्या भाषेतला बोकड आहे. म्हणजे एका जर्मन गावाच्या नावाचे स्लाव्ह भाषांतर ‘बोकड’ असे झाले आणि त्यात आइनबेकचा एक स्वरही उरला नाही. बॉकबरोबर खायच्या सॉसेजला ‘बॉकवुर्स्ट’ म्हणतात आणि हाही शब्द इंग्रजी कोशांत आहे. ते परंपरेने वासराच्या आणि डुकराच्या मांसाचे. बोकडाचे त्यात काही नाही.

आता इंग्रजीकडे. एखादा परका शब्द आपला झाला हे कसे ओळखायचे? मराठीत याची कसोटी सोपी आहे. शब्दाला आपले लिंग मिळाले, आपले सामान्यरूप झाले, प्रत्यय लागला, की तो घरचा. टेबलावर, पेनाने, स्टेशनात. इंग्रजीत शब्दाचे पहिले अक्षर लहान झाले, परकी चिन्हे गळाली, अनेकवचनाचा ‘स’ लागला, तिरप्या टायपाची गरज संपली, की तो इंग्रजी. बॉक या सगळ्यांत उतरतो. जर्मन नियमाप्रमाणे नामाचे पहिले अक्षर मोठे असते. इंग्रजीत ते लहान झाले आणि ‘बॉक्स’ असे अनेकवचनही तयार झाले.

तुलनेला कलोन शहराची ‘क्योल्श’ घ्या. १९८६ साली तिथल्या बिअरशाळांनी आपसांत करार करून हे नाव बांधून घेतले. कुणी, कुठे, कशी बनवलेली बिअर या नावाने विकायची, हे त्यात ठरले. इंग्रजीत हे नाव अजूनही बहुधा मोठ्या अक्षराने आणि स्वरावरच्या दोन टिंबांसह लिहिले जाते. आपल्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर क्योल्श हा इंग्रजीतला तत्सम आहे आणि बॉक हा तद्भव. फरक इतकाच, की तद्भव होण्याचे काम इंग्रजीने केले नाही. ते आधीच बायर्नमध्ये उरकले होते. इंग्रजीच्या हाती आला तो एका उच्चारात संपणारा, तिच्या तोंडात सहज बसणारा, घडवून तयार असलेला शब्द. ‘आइनबेकर बिअर’ या मूळ नावाने तो आला असता तर इतका मुरला नसता असे माझे मत आहे.

शिवाय इंग्रजीच्या घरात बॉकची भावंडे आधीपासून होती. हरणाच्या किंवा शेळीच्या नराला इंग्रजीत ‘बक’ म्हणतात. तो जर्मन ‘बॉक’चा सख्खा भाऊ. आणि इंग्लंडच्या उत्तरेत छोट्या ओढ्याला आजही ‘बेक’ म्हणतात. हा शब्द तिथे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी आणला, आणि आइनबेकमधला ‘बेक’ त्याच कुळातला. ओढा आणि बोकड दोन्ही घरात असताना इंग्रजीने तिसरा पाहुणा ठेवून घेतला.

आइनबेकच्या शेजारचीच एक दुसरी बिअर मात्र ओढ्याशी इमानी राहिली. गोस्लार गावातून वाहणाऱ्या गोझे नावाच्या लहानशा नदीवरून तिला ‘गोझे’ म्हणतात. आंबट, मीठ आणि धने घातलेली ही बिअर आता इंग्रजीतही त्याच नावाने ओळखली जाते. दोन्ही गावे हार्त्सच्या परिसरातली, दोन्ही नावांत पाणी. एकाचे पाणी टिकले, दुसऱ्याच्या पाण्याला शिंगे फुटून ते रानात गेले.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात बॉकची परंपरा मोडली. जी थोडी नावे टिकली त्यांत टेक्ससमधल्या शायनर गावची बॉक आहे. १९१३ साली ती प्रथम निघाली, कित्येक दशके फक्त ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मिळे आणि १९७० च्या दशकात बारमाही झाली. ती जर्मन बॉकपेक्षा बरीच सौम्य आहे. बारमाही झाली तेव्हा शब्दाला चिकटलेला ऋतूही गळाला.

मराठी कानाला ‘बॉक’ ऐकताच ‘बोकड’ आठवतो. मोह होतो, की या दोहोंचे काही नाते असावे. पण नुसता आवाज जुळला म्हणून नाते जोडणे ही तर म्युनिकच्या गिऱ्हाइकांचीच रीत. मराठीशी खरे नाते दुसऱ्याच बॉकचे आहे. आजचे जर्मन तरुण एखादी गोष्ट करावीशी वाटते तेव्हा ‘मला बॉक आहे’ असे म्हणतात आणि नको असेल तर ‘बॉक नाही’. हा बॉक बोकडाचा नव्हे. रोमा लोकांच्या रोमानी भाषेतला ‘बोख’ म्हणजे भूक, तो जर्मन बोलीत शिरला असे जर्मन कोशकार मानतात. रोमानी ही भारतातून सुमारे हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडे गेलेल्या लोकांची भाषा, मराठीच्याच कुळातली. तिचा ‘बोख’ आणि आपली ‘भूक’ दोन्ही संस्कृत ‘बुभुक्षा’पासून आले. म्युनिकच्या एखाद्या मुलाला बॉक प्यायचा बॉक असेल, तर पहिल्या शब्दात उत्तर जर्मनीतले एक गाव आहे आणि दुसऱ्यात आपल्या स्वयंपाकघरात रोज उच्चारला जाणारा शब्द.

आइनबेकमध्ये आजही बिअर बनते. तिथल्या बाटल्यांवर, आइनबेक नसते तर बॉक बिअर नसती, असे बजावलेले असते. ते खरे आहे. इंग्रजी शब्दकोश हाताशी असेल तर एकदा ‘बॉक’ काढून पाहा. अर्थ वाचून पान उलटू नका. व्युत्पत्तीच्या बारीक टायपातल्या ओळीपर्यंत जा, तिथे त्या गावाचे पूर्ण नाव भेटेल.